व्हिलन स्वतःला व्हिलन म्हणतो का?

प्रश्न: ताई, आम्ही मित्रमैत्रिणी दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळतो, यावेळी माझं कॅरेक्टर लॉफुल ईव्हल, म्हणजे नियम पाळणारा दुष्ट आहे, पण तो "मी दुष्ट आहे, सगळ्यांचा नाश करीन" असं म्हणाला की सगळे हसतात. काय चुकतंय?

उत्तर: अगं, 'ईव्हल' हा शिक्का तुझ्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर आहे, त्याच्या मनात नाही! 1974 साली गेम आला तेव्हा तर त्यात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस (नियम, तटस्थपणा आणि अनागोंदी) एवढंच होतं, गुड-ईव्हल नंतर आलं.

महाभारतातलं शल्यपर्व वाच. मांड्या मोडून दुर्योधन जमिनीवर पडलाय, कृष्ण त्याला त्याची पापं ऐकवतोय, आणि हा म्हणतो काय तर मी अध्ययन केलं, दानं दिली, पृथ्वीवर राज्य केलं, शत्रूंच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहिलो, क्षत्रियाला हवं तसं मरण आलं, माझ्याइतका भाग्यवान कोण? आणि वर आकाशातून त्याच्यावर फुलं पडतात! मी दर वेळी तिथे थांबतेच. आणि बघ, त्या यादीत द्रौपदी कुठेच नाही.

तुझ्या कॅरेक्टरचीही अशीच यादी कर, म्हणजे "मी गावाला दरोडेखोरांपासून वाचवलं, बदल्यात घरटी एक मुलगा घेतला, करारच होता तसा, मी कधी शब्द मोडला नाही" असं काहीतरी. हे त्याला अगदी शांतपणे, अभिमानाने बोलू दे. मुलांचं पुढे काय झालं ते त्याने स्वतःहून सांगायचं नाही, ते बाकीच्या खेळाडूंना विचारू दे.