कंपनीचा टेप तसाच ठेवायचा तर डीएसपी लावावा का?

प्रश्न : नमस्कार सर. मी लातूरचा, कामामुळं नांदेडला सारखं जाणं-येणं असतं, म्हणजे गाडीत गाणी ऐकणं हीच आपली करमणूक. टेप कंपनीचाच टचस्क्रीन आहे, तो काढायचा नाही कारण वॉरंटी चालू आहे आन रिव्हर्स कॅमेरा पण त्याच्यातच दिसतो. पुढच्या दारात कंपोनंट स्पीकर (उंच पट्टीचा ट्वीटर आणि मधल्या आवाजाचा मिड वेगवेगळे), मागं साधे कोॲक्शियल (दोन्ही एकातच), चार चॅनलचा ॲम्प आणि ड्रायव्हर सीटखाली 8 इंची पातळ वूफर एवढं बसवलंय, तरी मजा येत नाही. एक तर गाणारा माणूस माझ्या उजव्या गुडघ्यापाशी बसून गातोय असं वाटतं, डावा स्पीकर चालू आहे का बंद तेच कळत नाही. दुसरं म्हणजे व्हॉल्यूम वाढवला की बेस वाढायच्या ऐवजी कमी होतो. दुकानवाला म्हणतो डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा सेट करणारा डिजिटल सिग्नल प्रोसेसरचा डबा) लावा, 22 हजार लागतील, सगळं क्लिअर होईल. मित्र म्हणतो टेपमधे इक्वलायझर आहेच की, कशाला पैसे घालवतो. काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या गाडीत डीएसपीचा उपयोग आहे, पण 22 हजारात नुसता डबा येतोय का ट्यूनिंगसकट येतोय हे आधी विचारून घ्या, कारण ट्यूनिंग न करता लावलेला डीएसपी म्हणजे टेप आणि ॲम्पच्या मधे घुसवलेली अजून एक वस्तू, बाकी काही नाही.

मित्राचं म्हणणं इथं का लागू नाही ते सांगतो. इक्वलायझर काय करतो, तर आवाजातला कोणता भाग मोठा आणि कोणता बारीक एवढंच ठरवतो, आणि तुमची पहिली तक्रार मोठ्या-बारक्याची नाहीच, ती वेळेची आहे. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, उजव्या दारातला स्पीकर कानापासून समजा 90 सेंटिमीटरवर आणि डावा 140 वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण आवाज ज्या बाजूनं आधी आला तिकडंच गाणारा आहे असं आपला कान धरून चालतो. बॅलन्स डावीकडं सरकवला तर जरा बरं वाटतं पण खरा इलाज तो नव्हे. डीएसपीत उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, की गाणारा उठून डॅशबोर्डच्या मधोमध येतो. याला टाइम अलाइनमेंट म्हणतात, आणि माझं विचाराल तर डीएसपी घ्यायचं निम्म्याहून जास्त कारण हे एकच आहे. (आता कोणी हुशार विचारील की मे महिन्यात 43 डिग्रीला आवाज जास्त वेगानं जातो मग काय.. तर हो, जातो, दीडच्या जागी 1.4 मिलिसेकंद होतात, त्याच्यासाठी उन्हाळ्याची वेगळी सेटिंग करत बसू नका, एसी लावा.)

यात एक गोम आहे बरं का. हा हिशोब एकाच सीटचा असतो. तुमच्यासाठी गाणारा मधे आला की शेजारी बसलेल्याला सगळं डाव्या दारात गेल्यासारखं वाटतं, त्यामुळं ज्याच्यात दोन-तीन प्रीसेट सेव्ह होतात आणि गाडी चालवताना एका बटणावर बदलतात असाच डबा घ्या, एक तुमचा, एक घरची मंडळी असताना.

बेस कमी होतो त्याचं कारण वेगळं आहे. कंपनीचे बरेच टेप व्हॉल्यूम वाढला की मुद्दाम बेस कापतात, कारण कंपनीचे स्पीकर हलके असतात, ते फाटू नयेत म्हणून. तुम्ही स्पीकर बदलले पण टेपला ते कुठं माहीत, तो कापलेलाच बेस पुढं पाठवतो आणि ॲम्प बिचारा तेच मोठं करून देतो. यावर डीएसपीवाले एक जुगाड करतात आणि तो चालतो, टेपचा व्हॉल्यूम एका ठिकाणी कायमचा ठेवायचा, तिथं जे काही कापलंय ते डीएसपीत सरळ करून घ्यायचं आणि रोजचा आवाज कमी-जास्त करायला डीएसपीचा रिमोट नॉब वापरायचा. मग स्टिअरिंगवरचं व्हॉल्यूमचं बटण हातचं जातं, ते चालत असेल तर बघा, काही लोकांना आठ दिवसात कंटाळा येतो. तुमच्या टेपला प्री-आउट (ॲम्पला सिग्नल द्यायची वेगळी पिन) नसणार, म्हणून हाय-लेव्हल इनपुटचा म्हणजे स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेणारा डीएसपी लागेल, आणि वायर कापू देऊ नका, त्या गाडीचा कपलर मिळतो तो लावायला सांगा, वॉरंटीचं भांडण नको.

अजून एक. तुमचा ट्वीटर आणि दारातला मिड सध्या कंपोनंटसोबत आलेल्या क्रॉसओव्हरच्या डबीवर (कोणता आवाज कोणत्या स्पीकरला जायचा ते वाटणारी) असणार, तसंच ठेवलं तर दोघांना मिळून एकच उशीर देता येतो, वेगवेगळा नाही. मी असं करीन की मागचे स्पीकर ॲम्पवरून सरळ काढून टाकायचे (मागचे स्पीकर मागं बसणाऱ्यांसाठी असतात, तुम्हाला त्यांचा त्रासच होतो), दोन चॅनल ट्वीटरला, दोन मिडला, आणि सीटखालच्या वूफरमधे स्वतःचा ॲम्प असतोच त्याला वेगळं आउटपुट. म्हणजे पाच आउटपुट झाले, सहा चॅनलवाला डीएसपी पुरतो, आठवाला विकायला बघतील, घेऊ नका. सुरुवातीला वूफर आणि मिड 80 हर्ट्झवर तोडा (म्हणजे त्याच्या खालचा आवाज वूफरला, वरचा मिडला), मिड आणि ट्वीटर 3500 च्या आसपास, उतार (हद्दीपलीकडचा आवाज किती झपाट्यानं कमी व्हायचा ते) 24 डीबी, मग कानानं इकडंतिकडं सरकवा. ट्वीटर थेट ॲम्पला जोडताना त्याला सिरीजमधे 47 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकायला मात्र विसरू नका, सेटिंग करताना चुकून फुल रेंज म्हणजे बेससकट सगळा आवाज गेला की ट्वीटर जागेवर जळतो.

पण हे सगळं करायच्या आधी फुकटातलं करून बघा. टेपमधलं लाउडनेस, बेस-ट्रेबल आणि स्पीडनुसार आवाज वाढणारी सेटिंग बंद करा. मग दारातल्या मिडच्या वायरी ॲम्पपासून सोडून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही दारं सारखी हलली पाहिजेत, एक बाहेर आणि एक आत असेल तर पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनस उलटी आहे, आणि उलट्या पोलॅरिटीत बेस एकमेकाला खाऊन टाकतो, लोक त्याच्यावर डीएसपी घेतात! आणि दाराला डॅम्पिंग शीट (पत्र्याचा थरथराट दाबणारं) मारलंय का? पत्रा वाजत असेल, आतली भोकं उघडी असतील तर 22 हजार दारातच जातील. औशाच्या बाजूला खराब पॅचवर गाडी घालून व्हॉल्यूम वाढवा, काय वाजतंय ते कळेल.

ट्यूनिंग कोण करणार हा शेवटी खरा प्रश्न. दुकानवाल्याला विचारा, माइक आणि लॅपटॉप आहे का. "आमचा मुलगा कानानं करतो, दहा मिनिटात" म्हणला तर चहा पिऊन परत या. नाहीतर स्वतः करा, यूएसबीवरचा यूमिक-1 सारखा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यात होतं, काचा बंद करून, सीट रोज असते तिथं ठेवून, पिंक नॉइज (तपासणीसाठी वाजवतात तो खरखरीसारखा आवाज) लावून. ग्राफमधे जिथं डोंगर आहे तो कापा, जिथं खड्डा आहे तो भरायच्या नादी लागू नका, बरेचसे खड्डे आवाज काचेवरून परत येऊन एकमेकाला मारल्यामुळं पडतात, तिथं 6 डीबी वाढवले तर ॲम्पला चौपट पॉवर लागते आणि खड्डा बऱ्याचदा तिथंच राहतो.

प्रश्न : बीडहून लिहितोय. डीएसपी बसवला, आवाज मस्त आहे, पण ॲक्सिलेटर दाबला की पाठोपाठ सूंऽऽ असा आवाज वाढत जातो. डबाच खराब निघाला का?

उत्तर : बहुतेक नाही. इंजिनच्या आरपीएमबरोबर चढतो म्हणजे तो अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा) आवाज, ग्राउंडमधून येतो. इंजिन चालू ठेवून ॲम्पमधल्या आरसीए पिना (सिग्नल आणणाऱ्या वायरींच्या) काढा (व्हॉल्यूम शून्य करून). आवाज गेला तर भानगड ॲम्पच्या आधी आहे, राहिला तर ॲम्पच्या ग्राउंडात. डीएसपी आणि ॲम्प दोघांचं ग्राउंड एकाच बोल्टला घ्या, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा करा. आरसीए वायर बॅटरीच्या मेन वायरसोबत एकाच बाजूनं आणली असेल तर दुसऱ्या बाजूनं फिरवा. आणि ॲम्पचा गेन (आलेला सिग्नल किती मोठा करायचा ती सेटिंग) फुल करून ठेवलाय का तेही बघा, बऱ्याच ठिकाणी ठेवलेला असतो.

प्रश्न : जालना. नवीन अँड्रॉइड टेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात डीएसपी लिहिलंय, मग वेगळा घ्यायची गरज नाही ना?

उत्तर : खोकं सोडा, सेटिंग उघडा. प्रत्येक स्पीकरला वेगळा उशीर मिलिसेकंदात किंवा सेंटिमीटरमधे देता येतो का, हाय-पास लो-पासची (फक्त वरचा किंवा फक्त खालचा आवाज जाऊ देणारे फिल्टर) फ्रिक्वेन्सी आणि उतार बदलता येतो का? येत असेल तर चार स्पीकर आणि एक वूफर एवढ्याला तेच वापरा, वेगळा घेऊ नका. नुसतं रॉक, पॉप, जॅझ असं दिसलं तर तो नावालाच डीएसपी. आणि पेनड्राइव्हमधली गाणी कुठून उतरवलीत तेही बघा, 128 केबीपीएसच्या म्हणजे जास्त दाबून लहान केलेल्या फाइलीत जे उडून गेलंय ते कुठलाच डबा परत आणत नाही.