घरच्यांसोबत हस्तकला करताना दोन रविवारांतच उत्साह का मावळतो?

आपण विचारले आहे की, नाशिकमध्ये फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या चौघांच्या कुटुंबाने हौसेने हस्तकलेचे साहित्य आणले, दोन रविवार सगळे एकत्र बसले आणि तिसऱ्या रविवारी तो डबा माळ्यावर गेला. मुले मोबाइलकडे वळली, उरलेली वस्तू मोठ्यांनीच पुरी केली. तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून हाताने काही करण्याचा आनंद टिकावा यासाठी नेमके काय करावे. मी हस्तकलेचा शिक्षक नाही, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची साधने आणि साचे बनवणाऱ्या विभागात, काम करतो. आमच्या घरात आई, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा अशी आम्ही पाच माणसे आहोत, आणि गेली काही वर्षे दिवाळीचा आकाशकंदील व थंडीची गोधडी आम्ही घरीच करतो. आपला डबा ज्या कारणाने माळ्यावर गेला असावा, तो अपराध मी स्वतः एकदा केलेला आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

बाजारात मिळणाऱ्या तयार संचांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यातले तुकडे आधीच कापलेले असतात, कुठे काय चिकटवायचे हे चित्रात दाखवलेले असते, आणि मुळात ते काम एकाच माणसाचे असते. एक जण करतो आणि बाकीचे तिघे ‘छान, छान’ म्हणत बसतात. शिवाय वस्तू तयार झाली की तिचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. म्हणून जी वस्तू घराला एरवीही लागणारच आहे, जिची तारीख पंचांगाने किंवा ऋतूने ठरवून दिलेली आहे आणि जी एका माणसाच्या हातून सहजासहजी पुरी होत नाही, अशीच वस्तू निवडावी, असे माझे मत अनुभवाने झाले आहे.

आकाशकंदिलाचेच घ्या. आम्ही करतो त्या कंदिलाला ९ इंचांच्या २४ कामट्या लागतात. चार-चार कामट्या बांधून ६ चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जायचे, की चौकोनांच्या मधल्या जागांत आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. चौकोनांच्या २४ गाठी आणि जोडांच्या १२, अशा एकूण ३६ गाठी झाल्या. गंमत अशी की, एका चौकोनाचा कर्ण जेवढा, तेवढीच पुऱ्या कंदिलाची उंची होते. ९ इंचांच्या कामटीला ती पावणेतेरा इंचांच्या जवळपास येते. गॅलरीत टांगायला एवढा कंदील पुरेसा होतो. कामट्या बुरुडाकडून घ्याव्यात आणि बांधण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या वाकवताना तडकत नाहीत. त्यांच्या कडा मात्र कोणीतरी मोठ्या माणसाने चाकूने तासून द्याव्यात, कारण कामटीची धार बोटाला लागते ती फार झोंबते.

पहिल्या वर्षी मी मुलांना पट्टी दिली आणि कामट्या मापून कापायला सांगितल्या. कोणती पाव इंच कमी, कोणती पाव इंच जास्त, असे होणारच होते. चौकोन बांधून झाले, पण शेवटचा चौकोन काही केल्या बसेना. एक कोपरा जुळवला की दुसरा सुटत होता. दहा वाजले म्हणून सगळे झोपायला गेले आणि मी, ज्याला कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी काम परत पाठवायची सवय आहे, एकटाच जागा राहिलो. सगळ्या गाठी सोडल्या, कामट्या पुन्हा एका मापाच्या कापल्या आणि पहाटेपर्यंत सांगाडा नव्याने बांधला. सकाळी मुलीने तो हातात घेऊन एकदा फिरवला आणि म्हणाली, ‘‘बाबा, ही गाठ माझी नाही.’’ ती डावखुरी आहे, तिच्या गाठीचे शेपूट उलट्या बाजूला वळते, हे मला तोवर माहीतही नव्हते. ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त संध्याकाळी कागद लावायला आली नाही. तो कंदील मी आणि पत्नीने पुरा केला. तो इतका नेटका झाला होता की, शेजाऱ्यांनी तो कुठून विकत आणला असे विचारले.

पुढच्या दिवाळीला मी माझी अचूकपणाची हौस वेगळ्या जागी नेली. लाकडाच्या फळीवर ९ इंचांच्या अंतराने दोन अडसर ठोकून एक साधा जिग, म्हणजे माप धरून ठेवणारे साधन, केला. कामटी त्यात ठेवायची आणि अडसराला लागून कापायची, मग नऊ वर्षांच्या मुलाने कापली काय किंवा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने कापली काय, माप एकच येते. अचूकपणा हवा असेल तर तो काम सुरू होण्यापूर्वी साधनात घालून द्यावा आणि काम झाल्यावर दुसऱ्याच्या गाठीला हात लावू नये, एवढाच नियम आमच्या घरात तेव्हापासून आहे. या नियमाचा उल्लेख आई अजूनही माझ्याकडे बघूनच करते.

त्या वर्षी सांगाडा व्यवस्थित जुळला, पण उचलताच ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. वरून दाबले की सगळा सांगाडा गोल फिरत खाली बसत असे, कारण त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोनाचा समभुज चौकोन कधी होतो ते कळत नाही. मी जादा कामट्या तिरप्या घालायच्या विचारात होतो. मुलीने सुचवले की, कामट्यांऐवजी प्रत्येक चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन तिरपे दोरे ताणून बांधू. तसे केले आणि सांगाडा जागच्या जागी ताठ उभा राहिला. दिवा आत सोडायला वरच्या चौकोनातले दोरे थोडे बाजूला सारावे लागतात, एवढीच काय ती अडचण.

कागद पतंगाचा वापरावा आणि तो मैद्याच्या खळीने चिकटवावा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत असत. ते विषारी असल्यामुळे घरात लहान मुले असताना घालू नये. कागद लावताना फार ओढू नये. ओल्या खळीने तो सैल पडल्यासारखा दिसतो, पण वाळला की तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो, आणि आधीच ओढून लावलेला असेल तर रात्रीतून फाटतो. आत एलईडीचा दिवा सोडावा, कारण जुन्या पिवळ्या दिव्याची उष्णता कागदाला सोसत नाही. आपण मोबाइलविषयी लिहिले आहे. आमच्याकडे त्यावर बंदी वगैरे नाही, पण दोन्ही हात खळीने माखलेले असताना तो कोणाला उचलता येत नाही, इतके मात्र खरे.

दुसरे काम गोधडीचे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांनी मिळून करण्यासाठी याहून चांगले काम नाही. आई निफाड तालुक्यातली आहे. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, त्यामुळे गोधडी हा तिच्या लेखी कलेचा विषय नसून गरजेचा आहे. जुनी सुती लुगडी, धोतरे आणि चादरी एकावर एक पसरायच्या, चारही कोपऱ्यांवर वजनासाठी वरवंटा, पितळी डबे असे जे हाताला लागेल ते ठेवायचे, आणि मधून बाहेरच्या दिशेने सुरकुत्या सारत लांब टाक्यांनी सगळे थर टाचून घ्यायचे. त्यानंतर खरी शिवण सुरू होते, ती बाहेरच्या कडेपासून आत, एकात एक चौकटी घालत. सिंथेटिक साडी घेऊ नये. तिचा थर आतल्या आत सरकतो आणि टाका धरून ठेवत नाही. मी एकदा माझा कंपनीचा जुना गणवेश आतल्या थराला घालायला दिला होता. त्याच्या जाड शिवणीवर सुई मोडली आणि आईने तो कापून फरशी पुसायला घेतला.

हिशेब करायची सवय असल्यामुळे मी एकदा मोजून पाहिले. ६ फूट बाय ४ फुटांच्या गोधडीत एकेक इंचाच्या अंतराने चौकटी घातल्या, तर सुमारे ३०० फूट धावदोरा घालावा लागतो, आणि इंचाला तीन टाके धरले तरी टाके दहा हजारांच्या वर जातात. एका माणसाला हा आकडा घाबरवणारा आहे, पण चार बाजूंना चार माणसे बसली आणि प्रत्येकाने रोज दीड-दोन फूट शिवले, तर पंचेचाळीसेक बैठकांत काम संपते. आम्ही दसऱ्यानंतर बसतो, दिवाळीचे दिवस सोडतो आणि संक्रांतीच्या आगेमागे उठतो. जेवण झाल्यावर अर्धा तास, तेवढाच. रविवारची सबंध दुपार या कामासाठी राखून ठेवू नये; दुपार राखून ठेवली की तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला यायचे की नाही हे माणूस ठरवू लागतो.

गोधडीवर प्रत्येकाचा हात दिसतो. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, पत्नीचे त्याहून किंचित मोठे, मुलीचे उलट्या दिशेला कललेले. मुलाने पहिल्या वर्षी इंचाइंचाचे टाके घातले आणि त्यांना ‘रेल्वेचे रूळ’ असे नाव दिले. पायाच्या बाजूला तो दीडेक फुटाचा पट्टा आहे; रात्री अंगठा हमखास त्यात अडकतो. मी तेवढाच भाग उसवून पुन्हा घालू का, असे विचारले, तेव्हा आई म्हणाली, ‘‘एकसारखे टाके पाहिजेत तर मशीनवर टाक, आम्हाला कशाला बसवलंस?’’ मी जिग करणारा माणूस, पण गोधडीच्या टाक्याला जिग नाही हे मला मान्य करावे लागले.

येवल्याला पैठणी विणणाऱ्या एका घरी गेलो होतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून करायचे काम कसे चालते ते पाहायला मिळाले होते. येवला नाशिक जिल्ह्यातच आहे, आपण अजून गेला नसाल तर मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. माग घरातच होता. घरातला एक जण मागावर बसून पदरावरचा मोर एकेका रंगाचा धागा गुंडाळलेल्या वेगळ्या कांडीने विणत होता, आणि घरातल्या बाई दाराशी बसून त्याच कांड्या भरत होत्या. पदर उलटा करून पाहिला तरी मोर तसाच दिसतो, हे मुलांना फार आवडले. मला मात्र कांड्या भरणाऱ्या बाई जास्त लक्षात राहिल्या. मागावरच्या माणसाला कांडी संपली हे सांगावेही लागत नव्हते. अर्थात ते त्यांचे पोटाचे काम आहे, आपल्या हौसेशी त्याची बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण कामाच्या वाटण्या कशा असाव्यात हे तिथे दिसते: लहान काम म्हणजे कमी दर्जाचे काम नव्हे, ते थांबले की मागही थांबतो.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. शाडूचा गणपती मुलांना आवडतो, परंतु तो सावलीतच हळूहळू वाळवावा लागतो, उन्हात ठेवला तर तडे जातात, म्हणून चतुर्थीच्या तीन आठवडे आधी तरी हात घालावा. दिवाळीचा किल्ला इमारतीच्या आवारात परवानगी मिळाली तर जरूर करावा. आमच्याकडे नाशिकजवळचा रामशेज करतात, कारण तो शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, आणि मातीत पेरलेले हळीव दोन-चार दिवसांत हिरवेगार उगवून येतात. संक्रांतीचा काटेरी हलवा आम्ही एकदाच केला. मंद शेगडीवरच्या परातीत तिळावर चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत बसायचे, असे हे काम. थंडीत हलवा काटा चांगला धरतो खरे, पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांची बोटे भाजली होती आणि घरात एकमेकांशी कोणी बोलत नव्हते. तेव्हापासून हलवा विकत आणतो.

आपल्या चौघांसाठी मी कंदिलापासूनच सुरुवात सुचवीन. बुधवारी गोदाघाटाच्या बाजाराला जाणार असाल तर बुरुडाकडे कामट्यांची चौकशी करावी. ३० घ्याव्यात, कारण पाच-सहा तासताना मोडतातच. कामट्या कोणी भिजवायच्या, खळ कोणी शिजवायची, गाठी कोणी मारायच्या हे मुलांनाच ठरवू द्यावे. फळीवरचे अडसर मात्र आदल्या रात्री आपण ठोकून ठेवावेत, आणि त्यांच्यातले अंतर दोनदा मोजावे.