जुना गायक बँडमध्ये परत आला की चाहत्यांमध्ये दोन तट का पडतात, आणि कुणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आवडत्या रॉक बँडने फार पूर्वी सोडून गेलेला गायक परत आणलाय, अर्धे चाहते आनंदाने नाचतायत, अर्धे 'सगळं पैशासाठी' म्हणून नाक मुरडतायत. यात खरं कोण, आणि तिकिटाला पैसे घालावेत का?

पैसा प्रत्येकच पुनरागमनात असतो, त्यामुळे त्या मुद्द्यावर कितीही भांडलं तरी काही ठरत नाही. मी एकच गोष्ट आधी बघतो: मधल्या काळात जो दुसरा गायक होता, त्याच्या गाण्यांचं बँड आता काय करतंय? चाहत्यांमधला बेबनाव बहुतेक वेळा इथेच उगम पावतो. जुन्या गायकावर जीव असलेले लोक खूश असतातच. पण मधली आठ-दहा वर्षं ज्यांनी दुसऱ्याच आवाजावर प्रेम केलं, त्यांना एका सकाळी कळतं की ती वर्षं जणू झालीच नाहीत. मग चिडचिड होणारच.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी वुल्फ्सबेन या बँडचा ब्लेझ बेली आला आणि 'द एक्स फॅक्टर' (१९९५) व 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) हे दोन अल्बम निघाले. ब्लेझला आजही लोक सहज नावं ठेवतात, ते मला पटत नाही. त्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीत खुलणारा. बँड मात्र आपलं नेहमीचं ई ट्यूनिंग (गिटारची सगळ्यात जाड तार ई स्वरात लावायची प्रचलित पद्धत) सोडायला तयार नव्हतं. म्हणजे 'द ट्रूपर', 'हॅलोड बी दाय नेम' ही डिकिन्सनच्या तार सप्तकासाठी बांधलेली गाणी त्याने मूळ पट्टीतच गायची, तीही दौऱ्यावर, एकामागून एक रात्री. जड गळ्याचा माणूस रोज आपल्या मर्यादेच्या वर ताणून गायला लागला की आधी सूर खाली सरकतो, मग घसा बसतो. त्या दौऱ्यांमधले काही कार्यक्रम त्याच्या आवाजापायी रद्द करावे लागले. गिटारी एक स्वर उतरवल्या असत्या तर बरंच निभावलं असतं. त्याच्यासाठीच लिहिलेली 'मॅन ऑन द एज'सारखी गाणी तो व्यवस्थित गात होता, हे विसरू नका.

जानेवारी १९९९ मध्ये डिकिन्सन परतला. सोबत १९९० मध्ये गेलेला गिटारवादक एड्रिअन स्मिथही आला. स्मिथच्या जागी घेतलेल्या यानिक गर्सला काढलं नाही, डेव्ह मरे होताच, त्यामुळे तीन गिटारी झाल्या. तीन गिटारी कशाला, ही तेव्हाची शंका रास्तच होती, कारण आवाजाचा चिखल व्हायची भीती असते. पण त्याच वर्षीच्या दौऱ्यात काय वाजलं ते बघा: जुन्या गाण्यांसोबत ब्लेझच्या काळातली 'फ्यूचरिअल', 'मॅन ऑन द एज' आणि 'द क्लॅन्समन'. ज्याला बाजूला केलं त्याचीच तीन गाणी, परतलेल्या गायकाच्या तोंडी! मे २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला आणि त्यातलं 'ड्रीम ऑफ मिरर्स' तर ब्लेझच्या काळातच सुरू झालेलं गाणं. जानेवारी २००१ मध्ये रिओला झालेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' दोन्ही आहेत. पुढे २०१८च्या दौऱ्यातही ही दोन्ही परत आली. डिकिन्सन ती आपल्या पद्धतीने वर चढवून गातो. ब्लेझचे चाहते 'मूळचं काळोखं वजन गेलं' म्हणतात, बाकीचे 'आता कुठे गाणं उभं राहिलं' म्हणतात. पण हा वाद गाण्याचा आहे, अपमानाचा नाही. म्हणून मेडनचा चाहतावर्ग फुटला नाही. १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात या बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली, तेव्हा स्टेजवर तिन्ही गिटारवादकांसह १९९९चेच सहा जण होते.

याच्या अगदी उलट जुडास प्रीस्ट. गायक रॉब हॅलफर्ड १९९२ मध्ये बँड सोडून गेला. १९९६ पासून त्याच्या जागी टिम 'रिपर' ओवेन्स होता. 'जुग्युलेटर' (१९९७) आणि 'डेमोलिशन' (२००१) हे त्याचे दोन अल्बम. ओवेन्सकडे उंच पट्टीचा गळा भरपूर होता, त्यामुळे इथे ब्लेझसारखी अडचण नव्हती. हॅलफर्ड २००३ मध्ये परतला, २००५ मध्ये 'एंजल ऑफ रेट्रिब्यूशन' आला, तो चांगला आहे. पण त्या दोन अल्बममधलं गाणं हॅलफर्डसोबत बँडने वाजवलं नाही, आणि ते अल्बम वर्षानुवर्षं मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवरही सापडत नव्हते. ओवेन्सचे चाहते संख्येने कमी, पण अजून कडवट आहेत. मला तरी तो कडवटपणा समजतो.

व्हॅन हेलनने तर यावर कडी केली. गायक डेव्हिड ली रॉथ १९८५ मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी सॅमी हेगर आला. हेगरसोबत १९८६ ते १९९५ मध्ये चार स्टुडिओ अल्बम झाले आणि चारही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सप्टेंबर १९९६ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात रॉथ जुन्या साथीदारांसोबत स्टेजवर दिसला, लोकांनी पुनरागमन झालं असं धरलं, आणि थोड्याच दिवसांत बँडने तिसराच गायक, गॅरी शेरोन, घेतला. तेव्हापासून जाणकार चाहते एक नियम पाळतात: एकत्र फोटो म्हणजे काही नाही, दौऱ्याच्या तारखा आल्या की बोलू. रॉथ खरोखर परतला तो २००७ मध्ये. हेगरच्या काळातलं एकही गाणं नाही, आणि बास गिटारवर मायकेल अँथनीच्या जागी बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा सोळा वर्षांचा मुलगा वुल्फगँग. इथे लोक एक तांत्रिक गोष्ट विसरतात. अँथनी बास वाजवायचा तसाच वरच्या पट्टीतला दुसरा आवाजही द्यायचा, आणि बँडच्या धृपदांचा ओळखीचा रंग निम्मा त्याचाच होता. मुलाने तो भाग चांगला सांभाळला, तरी 'काहीतरी वेगळं वाटतंय' ही तक्रार निव्वळ कुरकुर नव्हती. २०१२ च्या अल्बमवर मात्र जुन्या चाहत्यांनी उड्या मारल्या. त्यातली बरीच गाणी सत्तरच्या दशकातल्या त्यांच्याच डेमोंवरून (कच्च्या ध्वनिमुद्रणांवरून) नव्याने बांधलेली होती. कुणाला यात चलाखी दिसली. मला तो शहाणपणा वाटतो, कारण ती मुळातच रॉथच्या तरुण गळ्याची मापं घेऊन बेतलेली होती.

हॅम्बुर्गच्या हेलोवीनने हा गुंता सोडवला तो सगळ्यात साध्या रीतीने: कुणाला काढलंच नाही. अँडी डेरिस १९९४ च्या अल्बमपासून गात होता. २०१६ मध्ये जाहीर झालं की १९९३ मध्ये गेलेला मायकेल किस्के आणि बँडचा सगळ्यात पहिला गायक-गिटारवादक काई हॅन्सन दोघेही येणार, डेरिससुद्धा राहणार. एकूण सात जण. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये दौरा सुरू झाला. याचा गळ्याच्या हिशोबाने काय फायदा होतो बघा. जवळपास तीन तासांच्या कार्यक्रमात पन्नाशीला आलेल्या किस्केला स्वतःची उंच गाणी तेवढी गायची असतात. मध्ये डेरिसची गाणी येतात, हॅन्सन पहिल्या अल्बममधली गातो, किस्के तेवढा वेळ पाणी पितो, घसा सैल सोडतो. दौऱ्याच्या सुरुवातीला किस्के आजारीच होता. एकटा गायक असता तर कार्यक्रम रद्द करण्यावाचून गत नव्हती. २०२१ चा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. चाहत्यांची भांडणं उरली ती अमुक ओळ किस्केने गायला हवी होती की डेरिसने, एवढीच. असली भांडणं परवडतात.

ब्लॅक सॅबथचा तोडगाही हुशारीचा होता. मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्ननंतर आलेला रॉनी जेम्स डिओ २००६-०७ मध्ये परत जोडला गेला तेव्हा त्यांनी सॅबथ हे नावच वापरलं नाही, 'हेवन अँड हेल' या नावाने दौरे केले. ऑझीची गाणी ऐकायला येणारा फसू नये म्हणून. उलट २०१३ मध्ये ऑझीसोबतचा '13' आला तेव्हा गायक मूळचा, पण कराराच्या वादात ड्रमर बिल वॉर्ड बाहेर. चाहत्यांचा राग गायकावर नव्हताच, 'मूळचे चौघे' म्हणून डोक्यात बसलेलं चित्र एका माणसाने अपुरं राहिलं त्यावर होता.

डीप पर्पलचं १९९२-९३ हे मात्र धोक्याची सूचना म्हणून लक्षात ठेवा. जुना गायक इयन गिलन परत यावा ही बाकीच्यांची आणि रेकॉर्ड कंपनीची इच्छा, कारण बँडचं पंचविसावं वर्ष तोंडावर होतं. गिटारवादक रिची ब्लॅकमोरला तो नको होता. तेव्हाचा गायक जो लिन टर्नर गाणार म्हणून बांधलेल्या चालींवर गिलनला नवे शब्द आणि नव्या चाली बसवाव्या लागल्या. १७ नोव्हेंबर १९९३ च्या हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून गेला, आणि जपानला दुसरा गिटारवादक, जो सॅट्रियानी, याला घेऊन जावं लागलं. म्हणून पुनरागमनाची बातमी वाचताना बोलावलं कुणी हे जरूर बघा. चाली बांधणाराच राजी नसेल तर फार दिवस टिकत नाही.

आता तुम्ही स्वतः कसं पारखायचं ते सांगतो. अधिकृत लाइव्ह अल्बमवर जाऊ नका, त्यात चुकलेल्या जागा नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेल्या असू शकतात. प्रेक्षकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ बघा, आणि पहिली दोन गाणी सोडून द्या, कारण आवाज तापायला तेवढा वेळ लागतो आणि ध्वनियंत्रणाही तेव्हाच बसत असते. चौथ्या ते सहाव्या गाण्यावर कान ठेवा, नंतर शेवटून दुसरं ऐका. एकच गाणं दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यातलं आणि दीड-दोन महिन्यांनंतरचं, असं लागोपाठ ऐकलंत तर गळ्याची खरी तब्येत कळते. दर रात्री त्याच उंच जागेला माईक प्रेक्षकांकडे वळत असेल तर ती जागा आता लागत नाही, असं समजायला हरकत नाही.

पट्टी उतरवली का हे बघायला फोनवरचं साधं ट्यूनर पुरतं. गिटारची सगळ्यात जाड तार एकटी वाजते तो क्षण पकडा. मूळ ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, अर्धा स्वर खाली ७७.८, पूर्ण स्वर खाली ७३.४. मूळ गाणंच खालच्या ट्यूनिंगमध्ये असेल तर तुलना त्याच्याशी करा. व्हॅन हेलन तर रॉथच्या पहिल्या काळापासूनच अर्धा स्वर खाली वाजवायचे. जुन्या चित्रफितींपासून सावध राहा: सेकंदाला २४ फ्रेमने घेतलेलं चित्रण आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीसाठी २५ वर चालवलं की सगळं ४ टक्के वेगाने जातं आणि पट्टी अर्ध्या स्वराला थोडी कमी इतकी वर चढते. कॅसेटवर ऐकून मोठ्या झालेल्यांनीही 'पूर्वी कसा वर जायचा' असं छातीठोकपणे सांगू नये, बरेच टेपरेकॉर्डर थोडे वेगाने फिरायचे. आणि पट्टी उतरवणं ही लबाडी नव्हे. साठीच्या गायकाने एक स्वर खाली येऊन खणखणीत गावं, हे मूळ पट्टीत किंचाळण्यापेक्षा कधीही बरं.

मग गाण्यांची यादी. दौऱ्याच्या पहिल्या दोन कार्यक्रमांनंतर ती इंटरनेटवर येतेच. साधारण सोळा-अठरा गाण्यांत मधल्या गायकाची दोन-तीन आणि नव्या अल्बममधली तीन-चार दिसली तर बँड पुढे बघतंय. दोन्हीकडे शून्य असेल तर ती जुन्या आठवणींची विक्री आहे. त्यातही मजा येते, फक्त काय विकत घेताय ते ठाऊक असू द्या.

तिकीट काढण्याआधी जाहिरातीत स्टेजवर कोण कोण असणार ती नावं वाचा, बँडचं नाव वाचून थांबू नका. शक्य असेल तर दौऱ्याचा पहिला आठवडा टाळा. आणि लागोपाठच्या दोन रात्री असतील तर पहिल्या रात्रीचं तिकीट घ्या, दुसऱ्या रात्री गळा थकलेला असतो.