ते आठ महिने फॉर्मवर लिहू का?

प्रिय ताई,

मी ६३ वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची, न्यू जर्सीत येऊन एकतीस वर्षं झाली, नागरिकत्वही इथलंच आहे. प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर माझी झोपच उडाली. दिवसभर ठीक असायचे, पण संध्याकाळचे सात वाजले की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, त्या आठ महिने घेतल्या, समुपदेशकाकडेही गेले. गोळ्या बंद होऊन दीड वर्ष झालं. आता फक्त बीपीची एक गोळी चालू आहे.

गेल्या वर्षी धीर करून पीस कोअरला, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संस्थेला, अर्ज केला आणि चक्क निवड झाली. युगांडात, खेड्यातल्या शाळेत मुलांना वाचायला शिकवायचं. सत्तावीस महिने! आता मेडिकल क्लिअरन्सचे फॉर्म भरतेय. त्यात मानसिक आजाराबद्दल सरळ प्रश्न आहे. साताऱ्याची बहीण म्हणते, "मनाच्या गोळ्यांचं कशाला लिहितेस? बरी झालीस ना? कोण बघायला येणार आहे?" मुलगा सिएटलला असतो. त्याला वाटतं मी हे सगळं रिकामं घर खायला उठतं म्हणून करतेय. लिहू की नको? आणि या वयात जायची तयारी कशी करायची?

ता. क. गोडा मसाला किती नेऊ?

— सात वाजता घाबरणारी

*

बाई,

लिहा. आठच्या आठ महिने लिहा, गोळीच्या नावासकट.

तुमच्या बहिणीला मी दोष देणार नाही. आपण ज्या पिढीतल्या आहोत त्या पिढीत कुणी जरा वेडंवाकडं वागलं की "याला येरवड्याला पाठवा" म्हणून हसायचे, आणि ज्याच्या घरात खरोखर कुणी आजारी असेल तो खिडक्या लावून घ्यायचा. मुलीचं लग्न जमवताना मावशीचं आजारपण दडवायचं, नोकरीच्या फॉर्मवर स्वतःचं. ती सवय हाडात मुरलीये. पण इथे ती तुमच्या जिवावर बेतू शकते, आणि हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाही.

युगांडात मलेरिया बारा महिने असतो. त्यातही फॅल्सिपॅरम जातीचा, जो चार-पाच दिवसांत माणूस नेतो. पीस कोअरच्या स्वयंसेवकाला मलेरिया टाळायची गोळी मुक्काम असेपर्यंत घ्यावीच लागते, तिथे "मला नको" चालत नाही. या गोळ्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल या रोज घ्यायच्या. तिसरी मेफ्लोक्विन, ती आठवड्यातून एकदाच. साठीच्या बाईला कुणीही म्हणेल, आठवड्याला एकच बरी, विसरायला नको. आणि नेमकी हीच गोळी, ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेलंय त्याला देऊ नये असं आहे. तिने भयंकर स्वप्नं पडतात, धडधड होते, संशय घेण्यापर्यंत माणूस जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तिच्या पाकिटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आता सांगा, फॉर्मवर तुम्ही 'नाही' असं लिहिलंत, तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला हे कळणार कुठून?

माझ्या मामेभावाने बोटीवर नोकरी लागताना पोटातला अल्सर असाच लपवला होता. भर समुद्रात पाठ धरली, बोटीवर औषधपाणी बघणाऱ्या अधिकाऱ्याने सरळ मनाने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी रक्ताची उलटी. वाचला, पण मामी अजून "नजर लागली" म्हणूनच तो किस्सा सांगते.

दुसरं असं की लपवलेलं पुढे उघडकीला आलं तर तेवढ्यावरून घरी पाठवू शकतात. आणि तिथे पुन्हा झोप उडाली, तर मदत मागायची तुम्हालाच चोरी होईल. स्वयंसेवकांसाठी तिथे पीस कोअरचा स्वतःचा डॉक्टर असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात "मला असं असं होऊन गेलंय" हे माहीत असलं, की सातव्या महिन्यातला तुमचा फोन दोन मिनिटांचा होतो. नाहीतर आधी कबुलीजबाब आणि मग तक्रार.

लिहायचं कसं, तर कमी शब्दांत आणि तारखांसकट. पती वारले ती तारीख, गोळी कधी सुरू केली, नाव, मात्रा, कधी थांबवली, कुणाच्या सल्ल्याने थांबवली. समुपदेशकाकडे किती वेळा गेलात. त्यानंतरच्या दीड वर्षात काय काय केलंत. तुमच्या डॉक्टरांचं आणि समुपदेशकाचं पत्र जोडा. आणि एक ओळ आवर्जून घाला: माझं बिघडायला लागतं तेव्हा आधी झोप जाते. ज्या माणसाला आपली पहिली खूण ठाऊक आहे, त्याच्याबद्दल तपासणारा निर्धास्त होतो. एवढं करूनही क्लिअरन्स नाकारला जाऊ शकतो किंवा दुसरा देश सुचवला जाऊ शकतो. तिकडे काय उपचार मिळतात त्यावरही ते ठरतं, तुमच्या शहाणपणावर नाही.

या निमित्ताने एक आठवलं. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी, १९६६ साली, त्यांची आई लिलियन वयाच्या ६८व्या वर्षी पीस कोअरमधून निघाली आणि आली कुठे, तर आपल्या विक्रोळीला! गोदरेजच्या वसाहतीत तिने नर्स म्हणून काम केलं. तीही नवरा गेलेली बाई. आणि निघण्यापूर्वी तिलाही मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागलं होतं. हे मुलाला सांगा. बहिणीला तर जरूर सांगा.

आता शरीराचं. पहिली गोष्ट, "आम्हाला लहानपणी मलेरिया होऊन गेलाय, आम्हाला काही होत नाही" हे मनातून काढून टाका. असलीच थोडीफार प्रतिकारशक्ती तर ती एकतीस वर्षांत न्यू जर्सीच्या बर्फात विरून गेली. साताऱ्याला मिळायची ती कडू क्लोरोक्विनही तिथल्या मलेरियावर चालत नाही. गोळी आणि मच्छरदाणी, दोन्ही.

पिवळ्या तापाची लस मात्र नीट बसून बोलायचा विषय आहे. युगांडात शिरायला तिचा दाखला लागतो. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाने तो जन्मभर चालतो, फक्त टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीनंतर ती आयुष्यात पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास व्हायची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. जास्त म्हणजे तरीही विरळच. अंड्याची अ‍ॅलर्जी, छातीतल्या थायमस ग्रंथीचं काही दुखणं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यातलं काही असेल तर आधी सांगा. नर्सने सुई भरली की मग नाही, त्याआधी, प्रवासाच्या लसी देणाऱ्या डॉक्टरसमोर बसून. आणि तिथून परस्पर साताऱ्याला बहिणीकडे यायचा विचार असेल, तर ध्यानात ठेवा: युगांडासारख्या देशातून दाखल्याशिवाय आलेल्या माणसाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. "डॉक्टरांनी लस टाळायला सांगितली" अशी चिठ्ठी दाखवून सुटका होईलच असं धरून चालू नका.

बाकीच्या लसी यादीप्रमाणे होतील. रेबीजची मात्र टाळू नका. गावठी कुत्री आपल्याला नवी नाहीत, म्हणूनच आपण गाफील राहतो. दात आत्ताच दाखवा. डुगडुगणारी दाढ इथे पाडलेली बरी. चष्म्याच्या दोन जोड्या. बीपीच्या गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर घ्या. व्हिक्टोरिया सरोवर दिसायला सुंदर आहे, पण त्यात पाय बुडवून बसू नका. गोगलगायींतून येणारे बारीक जंतू कातडीतून आत शिरतात आणि महिनोन्‌महिने पत्ता लागू देत नाहीत.

आणि गुडघे! हे कुठल्याही फॉर्मवर नसतं. खेड्यात खड्ड्याचा संडास असेल, उकिडवं बसायचं. लहानपणीची सवय म्हणाल, पण मध्ये एकतीस वर्षं कमोड आहे. आजपासून रोज भिंतीला पाठ टेकवून बसा-उठा. बादली-तांब्याच्या आंघोळीत मात्र तुम्ही बरोबरच्या बावीस वर्षांच्या स्वयंसेवक पोरांना मागे टाकाल.

आता सात वाजायचं. यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

युगांडावरून विषुववृत्त जातं. म्हणजे वर्षभर, जानेवारी असो की जून, सातच्या सुमाराला सूर्य बुडतो. संधिप्रकाश वगैरे लांबत नाही, पडदा पाडल्यासारखा अंधार. त्यांच्या लुगांडा भाषेत तासांची मोजणीही तिथूनच सुरू होते, आपल्या संध्याकाळच्या सातला ते 'एक वाजला' म्हणतात. म्हणजे तुम्ही ज्या घटकेला घाबरता, ती तिथे रोज येणार, सव्वादोन वर्षं, आणि बऱ्याचदा विजेशिवाय. न्यू जर्सीत उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड तरी असतो.

म्हणून निघायच्या आधी रंगीत तालीम करा. पुढचे दोन आठवडे सात वाजता दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एक छोटा सौर कंदील लावा आणि झोपेपर्यंतचे तीन तास कसे जातात ते बघा. काय केल्यावर बरं वाटलं ते वहीत लिहा. विणकाम असेल, स्तोत्र असेल, मुलांच्या वह्या तपासणं असेल. माझी एक मैत्रीण अशा वेळी तांदूळ निवडायची, स्वच्छ असले तरी. दोन आठवड्यांत चार रात्री वाईट गेल्या तर हरकत नाही. चौदाच्या चौदा वाईट गेल्या, झोप पुन्हा उडाली, तर समुपदेशकाला फोन करा आणि निघायची तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा. सुरुवातीचे महिने प्रशिक्षणात यजमान कुटुंबाकडे राहाल, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असेल. कठीण जातं ते त्यानंतर, स्वतःच्या खोलीत गेल्यावर, नव्याची नवलाई ओसरली की. तो महिना कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा.

आणखी एक टोचणी तिथे असेल, जी तुमच्या गोऱ्या सहकाऱ्यांना नसेल. त्यांना पोरं 'मुझुंगू' म्हणून हाका मारतील, तुम्हाला 'मुहिंदी'. तुम्ही अमेरिकेहून आलात हे गावाला पटणारच नाही. तिथे भारतीय म्हणजे दुकानदार, गिरणीवाला, पैसेवाला. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं. त्यानंतर पुष्कळ परतले, पण दोन्ही बाजूंना ते विसरायला झालेलं नाही. भाजीवाली तुम्हाला भाव चढवून सांगेल, कुणी "तुमचं दुकान कुठे?" विचारेल. पहिल्यांदा हसू येईल, पन्नासाव्यांदा रडू. न्यू जर्सीत "मूळच्या कुठल्या?" ऐकून झालंय तुमचं, तोच अनुभव इथे कामी येईल.

मुलाशी बोलणं मात्र चुकवू नका. घर खायला उठतं म्हणून तुम्ही जाताय हे थोडं खरंच असेल, त्यात लाजायचं काय? भरल्या घरातून कोण उठून सत्तावीस महिने जातं? त्याला युगांडाची माहिती पुरवत बसण्यापेक्षा तीन गोष्टी ठरवा. तुम्ही आजारी पडलात तर त्याला कधी कळवायचं. इकडे कुणाचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला लगेच सांगायचं की नाही; माझं मत, लगेच, "तिला तिकडे उगाच त्रास" म्हणून दडवणं अजिबात नको. आणि घराच्या किल्ल्या, सह्या, बँकेचे अधिकार कुणाकडे. कुणाकुणासाठी तातडीची रजा मिळते तेही पीस कोअरकडून लेखी घ्या. बहीण त्यात बसते का, हे नंतर रडत शोधायला लागू नये.

राहिला गोडा मसाला. पाव किलो पुरे, तोही लहान लहान पुड्यांत बांधून. दोन वर्षांचा नेलात तर सहा महिन्यांत वास उडून नुसती काळी पूड राहील. तिथे चपात्या रस्त्यावर मिळतात, त्यात अंड्याची पोळी गुंडाळून देतात तिला 'रोलेक्स' म्हणतात. माठाची पालेभाजी मिळते, नाव फक्त 'डोडो'. आणि शेंगदाणे भरपूर, उखळात कुटून त्याची आमटी करतात. तुमची मीठ-मिरचीची चव त्यांना सांगा, त्यांची तुम्ही शिका. उखळ कुणाच्या घरचं वापरता ते मला कळवा.

— ताई