कॉलेजमध्ये मुलींचा स्त्रीवादी गट काढायचाय. गावातल्या हस्तकला आणि एकमेकींची काळजी यांची सांगड कशी घालावी?

आधी शिकवणाऱ्या बाईची रोजी ठरवा. गटाचं नाव, पोस्टर, बैठका सगळं नंतर.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.ला होते. आम्ही अकरा जणी २०२३ च्या दिवाळीनंतर दर रविवारी बुरूड मोहल्ल्यात एका मावशीकडे सूप विणायला शिकायला जायचो. आमच्याकडे पाचवीला बाळाला सुपात ठेवतात, धान पाखडायला सूप लागतं, पण ते विणणाऱ्या बाईच्या ओसरीवर आमच्यातली एकही जण त्याआधी बसली नव्हती.

मावशी अंगठ्याला चिंधी गुंडाळायची, बांबूची पट्टी पायाच्या बोटांत धरायची आणि सुरी चालवायची. हिरवी साल एकीकडे, आतला पांढरा गाभा दुसरीकडे. विणण्यापेक्षा या सोलण्यातच दिवस जातो. आमच्या बोटात कूस गेलं की ती सुईनं काढायची आणि वर हळद दाबायची.

सातव्या रविवारनंतर ती तापानं पडली. आम्ही पाळ्या लावल्या. दोघी डबा न्यायच्या, दोघी पाणी भरायच्या, एक तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. आम्हाला वाटलं, हेच ते काळजीचं काम. बरी झाल्यावर ती म्हणाली, "पोरींनो, डबा आणला, लय चांगलं केलं. पण सात रविवार माहे हात तुमच्यापाशीच गुतले. सात रोज बुडले."

त्या रात्री हॉस्टेलवर भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, पैसे दिले तर नात्याचा बाजार होईल, ती आपल्याला लेकी मानते. हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले आहे. माझी आई आशा सेविका आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे काम आलं. कागदावर ती स्वयंसेविका, पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत गाडीत बसते तेव्हा सगळं गाव तिला 'आपली बाई' म्हणतं. बाईच्या कामाचा हिशोब टाळायचा असला की लोक नात्याची भाषा काढतात. ती भाषा मुलींच्याच गटात निघाली याचा मला आजही राग आहे.

मी रोजगार हमी योजनेचा तेव्हाचा रोजचा दर धरला, २७३ रुपये. सात दिवसांचे १,९११. प्रत्येकीने १७४ काढले. भांडून का होईना, त्या मैत्रिणीनेही दिले आणि मग गट सोडला. मावशीने नोटा दोनदा मोजल्या आणि वरचे तीन रुपये परत दिले. पुढच्या रविवारी चहा तिनेच पाजला. मैत्रीण हे वाचत असेल तर तिने सांगावं, कुठलं नातं बिघडलं?

कच्चा माल कुठून येतो तेही शिका. २००६ चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज मानतो, म्हणजे हक्क मिळालेल्या गावाने गोळा करून विकावा असा जंगलातला माल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभाच बांबू विकू लागली. आमच्या मावशीला मात्र बांबू विकत घ्यावा लागतो आणि तिचं सूप बाजारात प्लास्टिकच्या सुपाशेजारी मांडावं लागतं. हे कळल्याशिवाय नुसतं विणणं शिकण्यात मला अर्थ वाटत नाही.

हां, स्वतःच्या आजीकडून वाकळ शिवायला शिकणार असाल तर रोजीचं बोलणं तिला लागेल. मग त्या दिवशीची तिची कामं तुम्ही उरका: भांडी, सडा, शेळीचा चारा. आणि परीक्षेच्या महिन्यात जाणार नसाल तर आधी कळवा. आम्ही कळवलं नव्हतं. त्या रविवारी मावशीने अकरा जणींपुरत्या पट्ट्या भिजवून ठेवल्या होत्या.