स्वतः बनवून दिलेली लाकडी वस्तू लोकांनी मोडली, तर ती आपणच दुरुस्त करून द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या लग्नात तुम्ही सागवानी टीपॉय करून दिला होता, त्याच्या घरच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यावर बसलं, पाय निखळला, आणि आता भाऊ म्हणतो, "तुझंच काम आहे, तूच जोडून दे." पैसे मागावेत की नातं सांभाळून गुपचूप करून द्यावं, असा तुमचा प्रश्न.

पैसे मागू नका. मागितलेत तर तो देईल, आणि एकदा दिले की त्याच्या लेखी विषय संपला. तुमचा संपणार नाही. एका टीपॉयच्या पायावर तुम्ही एवढा लांबलचक प्रश्न लिहिलाय, त्यावरूनच कळतंय.

करून द्यावं का, ते पुढे सांगतो. आधी माझ्या पाळण्याचं ऐका.

नारायण पेठेत आमच्या आजोबांचा वाडा होता. आम्ही म्हणतो वाडा, प्रत्यक्षात वाड्यातल्या भाड्याच्या तीन खोल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तळमजला पाण्याखाली गेला, पण वाडा उभा राहिला. २००३ मध्ये तो पाडला, तेव्हा मी मालकाकडून एक तुळई विकत घेतली. टिंबर मार्केटातला सॉ मिलवाला ती चिरायला तयार होईना. जुन्या लाकडात खिळा निघाला तर पातं जातं, आणि त्याचं बरोबरच होतं. मग दोन रविवार गच्चीत बसून तुळईवरून चुंबक फिरवलं आणि सतरा खिळे काढले. खांबाची कूस, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, जिथे बसायची त्या खाचेत वाळलेला गाळ होता, करडा, बोटाने चुरला की पिठासारखा. आईला दाखवला. ती म्हणाली, "हा पानशेतचा." तिने तो एका डबीत भरून ठेवला. डबी अजून घरात आहे. एकदा सुंठ समजून चहापर्यंत गेली होती.

त्या तुळईचा मी पाळणा केला. पिंपरीला टूलरूममध्ये नोकरी, सेकंड शिफ्ट करून आलो की रात्री साडेबारा ते दोन हेच काम. २००६ साली मुलीच्या बारशाला द्यायचा होता. तयार झाला तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती आणि बारसं साडीच्या झोळीत उरकलं होतं. पण पाळणा असा झाला की एकही खिळा नाही. सगळे सांधे कुशीचे. धातू काय तो बोहरी आळीतल्या चार पितळी कड्यांचा.

तो बघायला आले तेव्हा आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पहिलं वाक्य काय बोलले असतील? "नुसतं खाचेत अडकवून कसं टिकेल? दोन खिळे मार." त्यांचा आणि माझा वाद तेव्हापासूनचा.

नंतर पाळणा फिरला. चुलत भावाकडे, समोरच्या बिऱ्हाडात, मग २०१८ मध्ये बिबवेवाडीला ताईकडे तिच्या नातवासाठी. नातू मोठा झाला, पाळणा गॅलरीत राहिला. त्यावर चादरी वाळायच्या, हे मी स्वतः पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. २०२१ च्या गणपतीत लायटिंगची माळ लावायला स्टूल मिळेना, म्हणून भाचा पाळण्याच्या खालच्या आडव्या पट्टीवर चढला. सत्तर-पंचाहत्तर किलोचा गडी. मला कोणी काही सांगितलं नाही.

२०२३ मध्ये भाची बाळंतपणाला माहेरी आली. बुधवारी दाजींचा फोन. "काय रे, तो पाळणा जरा हलतोय. येऊन दोन मिनिटांत ठाकठीक करून जा. रविवारी बारसं आहे."

गेलो. हलत वगैरे काही नव्हता, मोडलेला होता. पट्टीची कूस उचकटून खाचेचा काठ फुटला होता. त्यावर कोणीतरी तीन इंची चार खिळे ठोकले होते, फटीत एमसील भरलं होतं, आणि मला दिसू नये म्हणून वरून चॉकलेटी ऑइल पेंट मारला होता. सागवानाला ऑइल पेंट! एका खिळ्याचं टोक आतल्या बाजूने अर्धा सेंटीमीटर बाहेर आलेलं. आत बाळ झोपणार होतं.

आणि दाजी म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. खिळे मारले असतेस तर मोडलंच नसतं."

तिथे मी काही बोललो नाही. इथे बोलतो. पाळणा दिवसभर पुढे-मागे झुलतो, सांध्याला दर झोक्याला ओढ बसते. खिळ्याने धरलेला सांधा त्या ओढीने भोक रुंदावत जातो, मग खुळखुळतो. पट्टीच्या टोकाजवळ खिळा ठोकला तर लाकूड रेषेत फाटतं ते वेगळंच. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, मार्च-एप्रिलात आकसतं, खिळा काही फुगत-आकसत नाही. त्यात ओल लागली की लोखंड आणि सागातलं टॅनिन मिळून लाकडावर काळे डाग पडतात. कुशीला चारी बाजूंनी लाकूड धरतं, वर सरस किंवा फेविकॉल. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे खांब दाजींनी हजारदा पाहिले असतील, त्यांचं घड्याळाचं दुकान तिथून पाच मिनिटांवर होतं. एकदा थांबून वर बघायचं होतं.

दाजी म्हणाले, टेम्पोने पाठवून देतो. मी म्हटलं, पाठवायचा नाही, तुम्ही घेऊन यायचं आणि काम होईपर्यंत बसायचं. ताईने माझ्याकडे बघितलं. भाची हसली.

गुरुवारी संध्याकाळी दाजी आमच्या गॅलरीत, हातात पट्टीचं दुसरं टोक. खिळ्यांची डोकी पेंटखाली गंजलेली, पकडीत धरली की तुटायची. मग भोवतीचं लाकूड बारीक पटाशीने कोरून एकेक खिळा उघडा करायचा आणि हळूहळू फिरवून काढायचा. चार खिळ्यांना दीड तास लागला. दाजींनी आधी घड्याळ बघितलं, मग फोन, मग विचारलं, "अजून किती?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं. असं सहा वेळा म्हटलं.

मग खरं काम. जुनं वाळलेलं फेविकॉल आणि एमसील खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत साफ करायचं. नवीन फेविकॉल वाळलेल्या फेविकॉलवर धरत नाही, त्याला लाकडाचे तंतू लागतात. घरी फेविकॉल ओतून दोरीने बांधणाऱ्यांचे सांधे महिन्यात सुटतात ते यामुळेच. खिळ्यांनी कूस उभी चिरली होती, ती कापून टाकली आणि त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्याची सुटी कूस केली, अर्धी पट्टीत, अर्धी खुरात, म्हणजे पाळण्याच्या पायात. खाचेच्या फुटलेल्या काठाला त्याच लाकडाचं ठिगळ, रेषेला रेष जुळवून. सागाला तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घेतलं. शिकंजे, म्हणजे क्लॅम्प, रात्रभर. शुक्रवारी पेंट उतरवला आणि काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने काढले (हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने धुवा). शनिवारी दोनशेवीस नंबरचा पेपर आणि लाख-स्पिरिटचं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पाच हात.

दाजी तिन्ही दिवस आले. शुक्रवारी तर मी बोलावलंही नव्हतं.

रविवारी बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत होत्या, आणि दाजी पाहुण्यांना सांगत होते, "आम्ही दोघांनी नीट केला. खिळा एकसुद्धा नाही. सगळं कुशीवर." एका पाहुण्याने पाळण्याच्या खुराला टेकून पाय वर घेतला, तर दाजी त्याच्यावर असे खेकसले की सगळी गप्प झाली. सतरा वर्षं ज्या माणसाने मला खिळे मार म्हणून छळलं, तो माझंच वाक्य पाहुण्यांना ऐकवत होता आणि श्रेयात निम्मा वाटा घेत होता. संताप येतो की नाही?

तर तुमचा टीपॉय. करून द्या. पण भावाला सांगा, पाय आणि टीपॉय घेऊन स्वतः यायचं, शिकंजे आवळेपर्यंत बसायचं. कुरियर नाही, वहिनीच्या हाती नाही. वेळ नाही म्हणाला तर टीपॉय तीन पायांवर राहू दे, भिंतीला टेकवून चालतो. सांधा अख्खा सुटून आला असेल तर नशीब, खरवडून परत चिकटवायचा, एका रात्रीचं काम. कूस आत तुटली असेल तर सुटी कूस. मधल्या काळात त्याने कोपऱ्यावरच्या माणसाकडून स्क्रू मारून घेतले असतील तर तुमचं काम तिप्पट, तसं त्याला तोंडावर सांगा. आणि "जरा", "फक्त", "दोन मिनिटं" यातला एकही शब्द त्याच्या तोंडून आला तर चहा द्या आणि पाठवून द्या.

लहान मुलाने मोडलं असेल तर यातलं काही लागू नाही, निमूट करून द्या. भाऊ परगावी असेल तरी लागू नाही. वस्तू प्लायची असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, कड एकदा फुलली की ती परत दाबून बसत नाही.

आणि चिकटवण्याआधी स्वतःची खाच नीट बघून घ्या. त्या गुरुवारी खाचेचा तळ साफ करताना माझी पटाशी टण्णकन वाजली. आत खिळा होता, तुळईतला, चुंबकालाही न सापडलेला, अठरावा. मग आठवलं. २००६ मधली एक रात्र, दीड वाजलेला, हीच खाच, हाच आवाज. खिळा काढायचा तर अर्धी खाच पुन्हा कोरावी लागणार होती. सकाळी वाणसामान आणायचं होतं. मी खाच तिथेच थांबवली आणि दीड इंचाची कूस पाऊण इंचाची केली. पाऊण इंच कूस झोका पेलते, पण वर पंचाहत्तर किलोचा माणूस चढला तर उचकटणारच.

या वेळी खिळा काढला, खाच पुरी दीड इंच केली. दाजी तेव्हा आत चहा घ्यायला गेले होते. खिळा मी खिशात टाकला.