स्टिल्टनचा तुकडा आणि खोवलेला नारळ

प्रश्न : नाताळात नवऱ्याच्या ऑफिसातून भेट म्हणून स्टिल्टनचा, म्हणजे निळ्या बुरशीच्या शिरा असलेल्या इंग्लिश चीजचा, पाऊण किलोचा तुकडा आला. घरात खाणारी मी एकटीच. सासूबाई म्हणतात, बुरशी आलेलं ते, टाकून दे. फ्रीजरमध्ये टिकेल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : टिकेल, पण नंतर त्याचे काप पडणार नाहीत. आतलं पाणी गोठताना चीजची बांधणी मोडते; सुरी लावली की भुगाच होतो. तेव्हा बिस्किटावर किंवा नासपतीबरोबर दोन-तीन आठवड्यांत संपेल तेवढं खाली फ्रीजमध्येच ठेवा. वर फ्रीजरमध्ये जाईल ते स्वयंपाकासाठी.

आमच्या नॉटिंगहॅममधल्या पहिल्या जानेवारीत मी असाच अख्खा तुकडा एका पातळ पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये कोंबला. शेजारी खोवलेला नारळ. संकष्टीला मोदक केले, तर पहिल्याच घासाला हे म्हणाले, ‘‘सारणात काय घातलंयस?’’ चीजचा वास नारळाला लागला होता. अख्खं ताट वाया गेलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. शंभर-शंभर ग्रॅमचे तुकडे, प्रत्येकाला आधी बटर पेपर, वर फॉइल. मग हवा काढून झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर तारीख घाला, तीन महिन्यांत संपवा. नारळ दुसऱ्या कप्प्यात!

लागेल तेव्हा आदल्या रात्री एकच तुकडा खाली फ्रीजमध्ये उतरवा. थंडीत ही बुरशी मरत नाही, नुसती झोपते. म्हणून बर्फ सुटलेला तुकडा तीन-चार दिवसांत संपवा, परत गोठवू नका. सुपाला तर बर्फ सोडवायचीही गरज नाही. ब्रॉकोली, कांदा, बटाटा शिजवून घोटा, गॅस बंद करा आणि गोठलेलं चीज थेट किसणीवर किसा. मीठ शेवटी, चाखून. चीज मुळातच खारट असतं.

सासूबाईंना सांगा, दह्याला विरजण लावतो तशी ही बुरशी मुद्दाम दुधात घालतात, आणि पुढे चीजला लांब सुयांनी भोकं पाडतात. आत हवा गेली की निळ्या शिरा धरतात. मात्र वरून गुलाबी किंवा काळी लव दिसली, की सासूबाईंचंच ऐका.

बटाट्याच्या पराठ्यातही मी हे चीज भरून पाहिलं. सगळं वितळून तव्यावर आलं.